गाठ सोडवणे, सुतळी तोडणे

लेखनव्यवहारातील आपले अनेक शब्द दोऱ्याच्या व्यवहारातून आलेले आहेत, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'ग्रंथ' हा शब्द ओवणे, गुंफणे, गाठ मारणे अशा अर्थाच्या धातूपासून बनला. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी ओवीत असत, त्या काळी हा अर्थ डोळ्यांना दिसतही असे. 'सूत्र' म्हणजे तर सूतच. 'निबंध' आणि 'प्रबंध' यांच्या पोटात बांधणे आहे, आणि 'संदर्भ' या शब्दाच्या मुळाशीही गुंफण्याचीच क्रिया आहे. मात्र ज्याच्यावाचून यांपैकी काहीही वाचनीय होत नाही, तो 'परिच्छेद' छेदण्यातून आला. बांधणाऱ्याला कोठेतरी तोडावेच लागते. बांधण्याचा गौरव करणारे वाङ्मय विपुल आहे. तोडण्याच्या साधनाकडे मात्र इतिहासकाराने किंवा समीक्षकाने वळून पाहिल्याचे क्वचितच दिसते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका साधनाचा मागोवा घेणार आहोत. टेबलावर ठेवून सुतळी बिनधोकपणे तोडण्याचे हे साधे उपकरण. विषय क्षुल्लक वाटेल, पण सुतावरून स्वर्ग गाठण्याचा आरोप पत्करूनही आम्हांला असे म्हणावयाचे आहे की एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासातील एक गंभीर प्रश्न या उपकरणात साठवलेला आहे.

उपकरणाची रचना थोडक्यात सांगता येते. एक जड बैठक, तिच्यावर घट्ट बसवलेले लहानसे पाते, आणि त्या पात्यापर्यंत जाणारी, बोट शिरणार नाही इतकी अरुंद खाच. पुष्कळदा याच बैठकीवर सुतळीच्या गुंड्यासाठी डबा असतो आणि डब्याच्या माथ्यावरील भोकातून टोक बाहेर येते. सुतळी ओढावी, पुडक्याभोवती गुंडाळावी, गाठ मारावी आणि ताणलेला दोरा खाचेत सरकवावा, तो तुटतो. ताण येथे महत्त्वाचा. सैल दोरा पात्यापुढे वाकतो, निसटतो. ताणलेल्या दोऱ्यातील तंतूंवर आधीच भार असतो; धारेने बाहेरचे काही तंतू तोडले की उरलेल्यांवर तो सगळा भार येतो आणि तेही पटापट सुटत जातात. तागाचे तंतू पिळामुळे एकमेकांना चिकटून राहतात. जोवर पीळ आहे तोवर घर्षण आहे, आणि घर्षण आहे तोवर दोरी आहे. तुटलेल्या टोकाचा पीळ उसवतो तो याच कारणाने. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे म्हणणाऱ्या भाषेला हे शास्त्र मुद्दाम शिकवावे लागत नाही.

चाकूशी तुलना केली म्हणजे या रचनेतील शहाणपण लक्षात येते. चाकूने सुतळी तोडताना एक हात दोरा धरतो आणि दुसरा पाते हलवतो. दोरा तुटताच पात्याला अडवणारे काही राहत नाही, आणि पुष्कळदा ते पहिल्या हाताच्या दिशेनेच निघालेले असते. कात्रीत हा धोका कमी, पण कात्री शोधावी, उचलावी आणि परत ठेवावी लागते. स्थिर पात्यापाशी दोन्ही हात दोऱ्यावरच राहतात. पाते कोणीही हलवीत नाही. हलतो तो दोरा. महाराष्ट्रातील वाचकाला हे तत्त्व परके नाही. आपली विळी याच तत्त्वावर उभी आहे: पाटावर पाय, पाते जागच्या जागी आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर सरकवलेली. फरक एवढाच की विळीचे पाते उघडे असते. तेथे सुरक्षितता बसण्याच्या पद्धतीत, सवयीत आणि सासरमाहेरच्या शिकवणुकीत असते. खाचेच्या उपकरणात ती वस्तूमध्येच उतरवलेली असते. वापरणारा अनोळखी असला, घाईत असला किंवा दमलेला असला तरी ती काम करते. कौशल्यातील सुरक्षितता आणि वस्तूतील सुरक्षितता हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

इंग्लंडमध्ये जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन काळातील लाकडी, लोखंडी आणि क्वचित चांदीच्याही सुतळीपेट्या आजही संग्राहकांकडे आढळतात. काहींचा आकार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असे, आणि पुष्कळ पेट्यांवर दोरा तोडण्यासाठी छोटे पाते बसवलेले असे. खात्यापित्या घराच्या लिहिण्याच्या मेजावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर त्या असत. येथे तोडण्याचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिले तोडणे बांधणाऱ्याचे: तो गुंड्यातून हवा तेवढाच दोरा घेतो, म्हणून त्याचे तोडणे हे मोजणे असते आणि त्यात काटकसर असू शकते. दुसरे तोडणे उघडणाऱ्याचे: तो दुसऱ्याने बांधलेली गाठ न सोडवता दोराच छाटतो. या दुसऱ्या तोडण्याविषयी एकोणिसाव्या शतकाचे पूर्वार्ध कमालीचे हळवे होते, आणि त्याचा पुरावा वाङ्मयातच सापडतो.

मारिया एजवर्थ यांची 'वेस्ट नॉट, वाँट नॉट' ही १८०० च्या सुमाराची बालकथा याच भेदावर उभी आहे. काका दोन मुलांना दोन पुडकी उघडावयास देतात. बेन गाठ धीराने सोडवतो आणि दोरा खिशात ठेवतो. हॅल चाकूने दोरा छाटून मोकळा होतो. पुढे धनुर्विद्येच्या स्पर्धेत बेनच्या धनुष्याची दोरी तुटते आणि जपून ठेवलेला तोच दोरा त्याच्या कामी येतो. कथेचा उपदेश आज बाळबोध वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती बहुमोल आहे, कारण मुलाचे चारित्र्य गाठ सोडवण्यावरून पारखावे असे त्या समाजाला वाटत होते. दोरा मौल्यवान होता, म्हणून तो छाटणे हा दुर्गुण होता.

अर्ध्या शतकानंतर एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'क्रॅनफर्ड'मध्ये हाच विषय हास्याच्या अंगाने येतो. निवेदिका कबूल करते की सुतळी ही तिची दुबळी बाजू आहे: तिचे खिसे दोऱ्याच्या गुंडाळ्यांनी भरलेले असतात, आणि पुडक्याची गाठ न सोडवता कोणी दोरा कापला की ती अस्वस्थ होते. नव्याने आलेली रबरी कडी लोक इतक्या सहज कशी वापरतात, हे तिला समजत नाही. वर्षानुवर्षांपूर्वी जमिनीवरून उचललेले एक कडे वापरण्याचा धीर तिला अजून झालेला नाही. एजवर्थमध्ये जो सद्गुण होता तो गॅस्केलमध्ये प्रेमळ खोड झाला आहे. सद्गुणाची खोड होते तेव्हा त्यामागचे अर्थकारण बदललेले असते.

१८८३ मध्ये मोपासाँच्या 'ला फिसेल' या कथेत हे परिवर्तन भीषण रूप घेते. गोदरव्हिलच्या बाजारात ओशकोर्न हा म्हातारा शेतकरी रस्त्यावरचा सुतळीचा तुकडा उचलतो. त्याच दिवशी कोणाचे तरी पैशाचे पाकीट हरवते, आणि ते यानेच उचलले असा आळ त्याच्यावर येतो. पाकीट पुढे सापडते, पण तोवर उशीर झालेला असतो: त्याने ते साथीदारामार्फत परत केले असावे, असे लोक म्हणू लागतात. आपण फक्त सुतळी उचलली, हे तो मरेपर्यंत सांगत राहतो. मानवी संशयाची कथा म्हणून ती आपल्याकडेही वाचली जाते. ते वाचन योग्यच आहे. परंतु या संशयाला पाय का फुटतात, हेही पाहावे. सुतळीच्या तुकड्यासाठी कोणी वाकेल ही गोष्टच गावाला पटेनाशी झाली आहे. एजवर्थच्या वाचकाने ओशकोर्नवर चटकन विश्वास ठेवला असता.

या ऐंशी-त्र्याऐंशी वर्षांत घडले काय? सुतळी स्वस्त झाली. बंगालचा ताग आधीपासून ज्ञात होता, पण तो राठ आणि ठिसूळ असल्यामुळे यंत्रावर कातता येत नसे. १८३० च्या दशकात स्कॉटलंडमधील डंडी येथे देवमाशाचे तेल आणि पाणी लावून तंतू मऊ करण्याची रीत यशस्वी झाली आणि ताग यंत्रावर चढला. देवमाशांच्या शिकारीचे बंदर आणि तागव्यवसायाची राजधानी एकाच गावात एकत्र यावी, हा योगायोग नव्हे. १८५३ ते १८५६ या काळातील क्रिमियन युद्धामुळे रशियाकडून येणारे अंबाडीसारखे तंतू आणि जवस अडले, तेव्हा तागाची मागणी आणखी वाढली. १८५५ मध्ये जॉर्ज ऑकलंड यांनी डंडीची यंत्रे आणून हुगळीकाठी रिश्रा येथे हिंदुस्थानातील पहिली ताग कताईची गिरणी सुरू केली. पुढे काही दशकांतच कलकत्त्याच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले.

अमेरिकेत वेगळ्या दिशेने हीच गोष्ट घडली. गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रे १८७० च्या दशकात तार वापरीत. तारेचे तुकडे पेंढ्यात आणि धान्यात जात, जनावरांच्या पोटात आणि पिठाच्या गिरणीतही जात. जॉन ॲपलबी यांनी १८७८ च्या सुमारास दोऱ्याची गाठ मारणारे यंत्र सिद्ध केले, आणि १८८० मध्ये विल्यम डिअरिंग यांनी तशी सुमारे ३,००० यंत्रे बाजारात आणली. त्या यंत्रात चोचीसारखा एक आकडा फिरून दोऱ्याचा फास करी आणि लगोलग एक पाते दोरा तोडी. म्हणजे गाठ आणि छेद या दोन क्रिया माणसाच्या बोटांतून निघून एका फेऱ्यात बसवल्या गेल्या. तारेऐवजी दोरा आल्याने शेतकरी, त्याची गुरे आणि पीठ खाणारे सुरक्षित झाले.

दोरा मात्र कोठून तरी येत होता. पेंढ्या बांधण्याच्या दोऱ्यासाठी फिलिपाइन्सचा मनिला तंतू आणि मेक्सिकोतील युकातान प्रांताचा, आपल्या घायपाताच्या कुळातला हेनेकेन तंतू लागे. युकातानच्या मळ्यांवरील मजूर कर्जाने बांधलेले होते. उत्तरेकडील सोनोरातून हद्दपार केलेल्या याकी लोकांनाही विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आणले गेले. अमेरिकी पत्रकार जॉन केनेथ टर्नर यांनी १९०९ मध्ये या गुलामीवर लिहिलेल्या लेखमालेने मोठी खळबळ उडाली. अमेरिकेतच मिनेसोटातील स्टिलवॉटरच्या तुरुंगात १८९० च्या दशकात कैद्यांकडून हा दोरा वळून घेतला जाऊ लागला. दोऱ्याचे शेवटचे वीतभर टोक सुखरूप झाले होते. त्याच्या आरंभाविषयी असे म्हणता येत नव्हते.

येथे 'क्रॅनफर्ड'कडे पुन्हा वळले पाहिजे. ती कादंबरी १८५१ ते १८५३ या काळात डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. त्याच साप्ताहिकात एप्रिल १८५४ मध्ये हेन्री मॉर्ली यांचा 'ग्राउंड इन द मिल' हा लेख आला. कापडगिरण्यांतील फिरत्या दांड्यांत आणि पट्ट्यांत सापडून चिरडलेल्या मुलांची आणि कामगारांची ती जळजळीत हकीकत आहे. फिरत्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने केली होती. मात्र जमिनीपासून सात फुटांहून उंच असलेल्या दांड्यांना कुंपणाची गरज नाही, असा व्यवहार रूढ झाला होता. निरीक्षकांनी १८५४ मध्ये ही सवलत काढून घेताच मालकांनी संघटना उभारली. हॅरिएट मार्टिनो यांच्यासारख्या मान्यवर लेखिकेने १८५५ मध्ये पुस्तिका लिहून मालकांची बाजू मांडली आणि डिकन्सच्या साप्ताहिकावर अतिशयोक्तीचा ठपका ठेवला. १८५६ च्या दुरुस्तीने मालकांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य झाले. त्याआधी १८४६ मध्ये तर काही दोरखान्यांना कारखानेविषयक कायद्यांतून वगळणारा स्वतंत्र कायदाच झाला होता.

एकाच साप्ताहिकाच्या पानांवर दोरा कापल्याने व्यथित होणारी निवेदिका आहे आणि दांड्यात ओढली गेलेली मुलेही आहेत. या दोन मजकुरांना जोडणारा धागा त्या काळच्या वाचकाला दिसला असेल का, हे सांगता येत नाही. आज मात्र तो न दिसण्याचे कारण उरलेले नाही. सुतळीपेटीवरील खाच आणि गिरणीतील कुंपण ही एकच कल्पना आहे: धार आणि हात यांच्यामध्ये वस्तूच उभी करावी, हाताच्या सावधपणावर विसंबू नये. मेजावर ही कल्पना वाद न होता स्वीकारली गेली, कारण तेथे बोट मालकाचे होते आणि खर्च काही पेन्सांचा. गिरणीत तिला बारा वर्षांत माघार घ्यावी लागली. कामगार निष्काळजी असतात, हा मालकांचा युक्तिवाद म्हणजे सुरक्षितता कौशल्यात शोधण्याचा युक्तिवाद होता. विळीवर बसणारीला बोट कापल्यावर 'लक्ष कुठे होते?' असे विचारतात, त्याचेच हे कायदेशीर रूप.

हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि धोकादायक यंत्रांना कुंपण असावे, एवढ्या त्याच्या तरतुदी. त्याही १०० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरत्या. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन अधिक मागण्या पुढे केल्या, आणि १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ झाले. आठ वर्षांच्या मुलाचे कामावर असणे ज्या कायद्याला दहा वर्षे मान्य होते, त्याच काळात कलकत्त्याच्या सुतळीने जगभरची पुडकी बांधली जात होती.

महाराष्ट्राच्या खेड्यात दोऱ्याचा इतिहास आणखी जुना आणि अधिक कठोर आहे. ताग, अंबाडी आणि घायपात यांच्या वाखापासून नाडे, कासरे, दावी आणि चऱ्हाटे वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. शेतीचे प्रत्येक काम या दोरांवर चाले आणि मोबदला मात्र बलुत्याच्या रूपाने, दुसऱ्याच्या मर्जीवर मिळे. वाख सोलून आणि वळून ज्यांच्या तळहातांना घट्टे पडले, त्यांना गावात घर नव्हते. आमच्या वाङ्मयाने दोराची प्रतिमा भरभरून वापरली. दोर वळणाऱ्याचा हात मात्र त्यात फार उशिरा, दलित साहित्यामुळे आला. तोपर्यंत मराठी मनातील सर्वांत प्रसिद्ध दोर सिंहगडाचाच होता. १६७० मध्ये तानाजी पडल्यावर मागे फिरणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीने कड्यावरचे दोर कापल्याचे सांगितले, अशी कथा आहे, आणि 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार तिच्याशीच जोडला जातो. त्यात तोडण्याचे खरे स्वरूप अचूक पकडलेले आहे. सोडवलेली गाठ पुन्हा मारता येते. तोडलेला दोर पूर्ववत होत नाही. एजवर्थला नेमकी याचीच भीती होती, आणि सूर्याजीला नेमके हेच हवे होते.

किराणा दुकानातील आपला वाणी यांपैकी कोणतेही उपकरण वापरीत नसे. आढ्याला टांगलेल्या डब्यातून दोरा खाली येई, कागदाच्या पुडीला दोन वेढे बसत, आणि दोऱ्याला दोऱ्याचाच फास देऊन एका झटक्यात तो तोडला जाई. येथे पाते नाहीच. ताणलेला दोरा स्वतःवरच घासतो आणि घर्षणाने तुटतो. जे घर्षण पिळातून दोऱ्याला घडवते तेच त्याला तोडते. ही कौशल्यातील सुरक्षितता झाली, आणि तिची किंमत त्या बोटाच्या पेरावर उमटे. परदेशी कचेऱ्यांतही सुतळीपेटी पुढे मागे पडली. १९३० मध्ये रिचर्ड ड्रू यांची पारदर्शक चिकटपट्टी आली आणि १९३२ मध्ये जॉन बॉर्डन यांनी तिच्यासाठी पाते बसवलेले धारक तयार केले. आज कोणत्याही कचेरीच्या टेबलावर दिसणारे दातेरी पात्याचे ते जड ठोकळे सुतळीपेटीचेच वंशज होत.

नंतर प्लास्टिकच्या पिशवीने दोऱ्याला आणि पुडीला दोघांनाही हटवले. १९४७ च्या फाळणीत तागाची उत्तम शेते पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या पश्चिम बंगालमध्ये राहिल्याने हा धंदा आधीच दुभंगला होता. तो टिकावा म्हणून १९८७ मध्ये काही मालाच्या वेष्टनासाठी तागाची सक्ती करणारा कायदा झाला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कागद आणि सुतळी यांची आठवण त्यामुळे पुन्हा निघू लागली आहे, आणि तिच्याभोवती एक प्रकारचे गोड स्मरणरंजन जमू लागले आहे. त्या स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. फक्त ते दोऱ्याच्या शेवटच्या टोकापाशी थांबते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या उपकरणातून काय घ्यावे? वस्तू वाचण्याची एक रीत, असे आम्ही म्हणू. 'क्रॅनफर्ड' शिकवताना दोऱ्याचा तो उतारा विनोदाचा नमुना म्हणून वाचला जातो. त्याच साप्ताहिकाचे दोन वर्षांनंतरचे अंक शेजारी ठेवले तर विनोद कमी होत नाही, पण त्याला तळ येतो. आणि खाच किती रुंद असावी हा कारागिराचा साधा प्रश्नही मग साधा राहत नाही. बोट शिरू नये एवढी अरुंद, हे उत्तर बरोबरच आहे. परंतु बोट कोणाचे धरून हे माप घेतले? प्रौढाच्या बोटाला अडवणाऱ्या खाचेत लहान मुलाचे बोट सहज जाते. इंग्लंडच्या गिरण्यांत सात फुटांचे माप जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून ठरले होते. शिडीवर चढून दांड्यावरचा पट्टा बसवणाऱ्याला त्या मापात जागा नव्हती.